अडवलेल्या पाण्याचा हिशेब: गावच्या पर्यावरण कार्यकर्त्याला काय यायला हवं

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या काही वर्षांत मराठवाड्यात नाले खोल झाले, चर खणले गेले, शेततळी झाली, रोपं लागली. पाणी फाउंडेशनच्या गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेत, म्हणजे पहिल्या वॉटर कपात, अंबाजोगाई तालुका होता. पहाटे टिकाव-फावडी घेऊन निघणारी गावं साऱ्या राज्यानं पाहिली. माणसं कमी पडली नाहीत आणि घामही कमी पडला नाही. तरीही बऱ्याच शिवारांत बरा पाऊस झालेल्या वर्षीसुद्धा मार्च उजाडला की मोटारी गुळण्या टाकायला लागतात. पाणी अडवायला पुढारपण मिळालं, अडवलेलं पाणी वाटून वापरायला मिळालं नाही, हे त्याचं कारण.

म्हणून पर्यावरणाचं नेतृत्व म्हटलं की माझ्या मते सगळ्यात आधी हिशेब यायला हवा. तळमळ लागतेच, ती धरूनच चालू. पण तळमळीच्या माणसाला आपल्या शिवारात किती पाणी आलं आणि किती गेलं हे आकड्यात सांगता येत नसेल, तर ऑक्टोबरच्या ग्रामसभेत त्याच्या बोलण्याला वजन राहत नाही.

मोजमाप कसं करायचं

सुरुवात पर्जन्यमापकापासून. महसूल मंडळाचा मापक गावापासून दहा-पंधरा किलोमीटरवरही असू शकतो, आणि मराठवाड्यातला पाऊस एका शिवेवर पडून दुसरी शिव कोरडी ठेवणारा. २४ तासांत ६५ मिलीमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, पण ती मंडळाच्या मापकावरून. गावचा आकडा पंचनाम्यात चालेलच असं नाही. गावच्या हिशेबाला मात्र तोच लागतो. मापक उघड्यावर बसवावा. जवळ झाड किंवा भिंत असेल तर तिच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडावं. वाचन रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खातंही त्याच वेळी घेतं. शाळेच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसवलेला मापक दरवर्षी कमी पाऊस दाखवतो आणि चूक कोणाच्या लक्षात येत नाही.

मग विहिरी. हजार हेक्टरच्या गावाला आठ-दहा निरीक्षण विहिरी पुरतात, पण त्या माथ्यावर, मधल्या उतारावर आणि पायथ्याला अशा विखरून निवडाव्यात. सगळ्या नाल्याकाठच्या घेतल्या तर गाव भरलेलं दिसतं आणि माथ्यावरचा कोरडवाहू शेतकरी हिशेबातूनच गळतो. कठड्यावर रंगानं एक खूण करायची आणि दरवेळी तिथूनच टेप सोडायचा. टेपच्या टोकाला वजन हवं. मोजायचं पहाटे, मोटारी सुरू व्हायच्या आधी. उपसा चालू असताना मोजलं तर पातळी दीड-दोन मीटरनं खाली दिसू शकते आणि पुढच्या तुलनेला अर्थ उरत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. गावानं तेच महिने धरले तर दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहता येतात.

आता हे आकडे बोलतात काय, ते पाहू. एक हेक्टरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. हजार हेक्टरच्या शिवारात ६०० मिलीमीटर पडला तर ६०० कोटी लिटर. आकडा ऐकून सभा खूश होते. पण त्यातलं बरंचसं पाणी बाष्प होऊन उडतं, काही जमिनीच्या ओलाव्यात राहतं, काही वाहून जातं. भूजलाच्या हिशेबात आपल्या बेसाल्टसाठी, म्हणजे काळ्या पाषाणासाठी, पावसाच्या साधारण ७ ते १३ टक्केच पाणी खाली मुरतं असं धरतात. शिवाय आपला खडक पाणी धरायला कंजूस. घनफळाच्या एक ते तीन टक्के एवढंच पाणी तो मोकळं सोडतो, हिशेबाला दोन टक्के धरतात. त्यामुळं सगळ्या हजार हेक्टरांखाली पातळी एक मीटर वर आली, तर हाती येतं २० कोटी लिटर.

या २० कोटींचं काय होतं? पाटानं भिजवलेल्या उसाला हेक्टरी साधारण दोन कोटी लिटर लागतात. म्हणजे दहा हेक्टर, फक्त २५ एकर ऊस, गावानं दोन उन्हाळे राबून वर आणलेली मीटरभर पातळी एकटा पिऊन टाकतो. त्याच पाण्यात हरभऱ्याला सहा-सात सेंटिमीटरच्या दोन पाळ्या दिल्या तर साडेतीनशे एकरांच्या वर क्षेत्र भिजतं. आणि पिण्याचं? दोन हजार लोकवस्तीला माणशी ५५ लिटरप्रमाणे वर्षाला चार कोटी लिटर, हजार मोठ्या जनावरांना पन्नास लिटरप्रमाणे पावणेदोन-दोन कोटी. सगळं मिळून सहा कोटींच्या आत. तीन हेक्टर उसाएवढं.

हा हिशेब फळ्यावर मांडता येणं, आणि आपल्या गावच्या आकड्यांनी मांडता येणं, ही मला सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. दुसऱ्या गावचा आकडा सांगितला की सभेत कोणीतरी लगेच म्हणतं, तिकडची जमीन वेगळी. आपल्या मारुतीच्या देवळामागच्या विहिरीची ऑक्टोबरातली आणि मार्चातली पातळी फळ्यावर असली की तसं म्हणता येत नाही.

सभा कधी घ्यायची, हेही कौशल्यच

पाण्याच्या ताळेबंदाची ग्रामसभा बऱ्याच ठिकाणी नोव्हेंबर-डिसेंबरात होते. तोवर बीड, धाराशिव, जालन्यातले कोयते, म्हणजे तोडणीची जोडपी, ऊसतोडीला निघून गेलेले असतात. मुकादमाची उचल घेऊन दसरा-दिवाळीनंतर गेलेलं जोडपं मार्च-एप्रिलात परततं, ते कोरड्या हापशाकडंच. ज्यांच्या नशिबी टंचाई सगळ्यात आधी येते त्यांच्याविना पाण्याचा निर्णय झालेला असतो. शिवाय तोवर रब्बीची पेरणी आणि उसाची लागण उरकलेली. मग ठराव करायचा कशाचा? पाऊस संपता संपता, सप्टेंबरअखेर ते दसऱ्याच्या आत, कच्चा ताळेबंद मांडावा आणि ऑक्टोबरच्या मापानं तो पक्का करावा. आठवडी बाजाराचा दिवस टाळावा.

नोटीस किमान सात दिवस आधी, विषयपत्रिकेत 'पाण्याचा ताळेबंद व पीक नियोजन' असा स्पष्ट विषय लिहून. आयत्या वेळच्या विषयात घुसवलेला ठराव पुढं टिकत नाही. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती. ती भरली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. वीस माणसांच्या सह्यांनी गावाचा निर्णय होतो तो इथूनच. म्हणून शंभर माणसं जमवणं हे काम आदल्या आठवड्यात वस्ती-तांड्यावर घरोघरी फिरून करायचं असतं. लाऊडस्पीकरवर पुकारून ती येत नाहीत. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. ती कागदावर उरकू देऊ नये. घागरीला किती फेऱ्या, हापसा किती वाजता आटतो, कोणाची मोटार सुरू झाली की नळाचं पाणी जातं, याची खरी माहिती तिथंच मिळते.

ठराव लिहिता येणं ही वेगळी विद्या आहे, आणि चांगले चांगले कार्यकर्ते इथं कच्चे असतात. 'सर्वांनी पाणी जपून वापरावे' या ठरावाची अंमलबजावणी कोणी करायची? गट नंबर, अंतर, तारीख आणि जबाबदार माणूस या चार गोष्टी ठरावात हव्यात. उदाहरणार्थ, गावच्या पाणीपुरवठा विहिरीपासून ५०० मीटरच्या आत कोणत्या गटांत किती विहिरी आणि बोअर आहेत याची यादी जोडावी, आणि अमुक तारखेनंतर त्यांतून शेतीचा उपसा होणार नाही असं लिहावं. पिण्याच्या सार्वजनिक स्रोताभोवतीची ही ५०० मीटरची मर्यादा कायद्यातच आहे, त्यामुळं ठरावाला पाठबळ मिळतं. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ मध्ये ६० मीटरपेक्षा खोल विहीर ती खोल विहीर अशी व्याख्या आहे, आणि अधिसूचित क्षेत्रात अशा विहिरींवर बंदी. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. आपल्याकडं बोअरची गाडी किती फुटांवर थांबते ते लातूरच्या कोणाही शेतकऱ्याला विचारा. ही कलमं गावाला माहीत नसतात, म्हणून ती कोणी वापरत नाही.

कागदाची ताकद किती असते हे जायकवाडीनं दाखवलं आहे. नाशिक-नगरची धरणं भरत आणि पैठणला जायकवाडीचा जलाशय, नाथसागर, तळ दाखवी, तेव्हा मोर्चे पुष्कळ निघाले. पण वरून पाणी सोडण्याचा नियम आला तो २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातल्या समन्यायी वाटपाच्या तरतुदीवर बोट ठेवल्यावर. गोदावरी खोऱ्यातल्या धरणांच्या पाणीवाटपाचा अभ्यास करणाऱ्या मेंढेगिरी समितीच्या अहवालावरून प्राधिकरणानं २०१४ मध्ये आदेश दिला, त्यात १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के साठा हा निकष आला, आणि २०१६ मध्ये उच्च न्यायालयात ती चौकट टिकली. मोर्च्यानं दबाव येतो. पण आकडे आणि कलम हाती असलेली दोन-चार माणसं मागं नसतील तर तो दबाव विरून जातो.

खडक, उतार आणि कामाचा क्रम

आता अडवण्याकडं. हे काम आपल्याला येतं असं सगळ्यांना वाटतं आणि सगळ्यात जास्त पैसा इथंच वाया जातो.

काम माथ्याकडून पायथ्याकडं यायला हवं. पण पोकलेन नाल्यात उतरवणं सोपं, दिसायला मोठं, आणि फोटोही चांगला येतो. माथ्यावर चर नाहीत, बांध नाहीत आणि खाली नाला खोल केला, तर दोन-तीन जोराच्या पावसांत वरची माती येऊन तो भरतो. दुसरी चूक खोलीची. मुरमाच्या थरात पाणी साठतं आणि हलतं. त्याखालचा अखंड काळा पाषाण फोडून आणखी खाली गेलं तर तिथं मुरायला भेगच नसते, आणि वरच्या मुरमातलं शेजारच्या विहिरींचं पाणी उलट नाल्यात झिरपून वाहून जाऊ शकतं. खणायच्या आधी नाल्याकाठच्या जुन्या विहिरींची खोदाई पाहावी. माती किती, मुरूम किती, गेरूचा लाल थर कुठं, पाषाण कुठं लागला, हे विहीर खणणारे वडार आणि म्हातारे शेतकरी फुटाच्या हिशेबात सांगतात. त्यांचं ऐकून घेणं हा नेतृत्वाचा गुण आहे असं मी अगदी गंभीरपणे म्हणतो.

माथ्यावरच्या सलग समतल चराचं नेहमीचं माप ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल. शंभर मीटर चरात एका भरण्याला १८ हजार लिटर पाणी मावतं, पण तो खरोखर समतल असला तरच. पन्नास मीटरच्या लांबीत १५ सेंटिमीटरचा उतार राहिला तर एका टोकाला पाणी डोक्यावरून जातं, काठाची मातीची भर फुटते आणि खाली घळ पडते. म्हणजे न खणलेला बरा होता. समतल रेषा काढायला ए-फ्रेम पुरते: सारख्या लांबीच्या दोन काठ्या, मध्ये आडवी पट्टी, वरून दगड बांधलेली दोरी. वापरायच्या आधी ती पारखून घ्यावी. दोन्ही पाय टेकवून पट्टीवर दोरीची खूण करायची, मग पाय अदलाबदल करून दुसरी खूण, आणि दोन खुणांच्या बरोबर मधली खूण ती समपातळीची. पारख न करता सकाळभर आखणी केली तर शंभर माणसांचं श्रमदान चुकीच्या रेषेवर होतं. चर दहा-पंधरा मीटरांवर तोडावा, म्हणजे चूक झाली तरी ती एका तुकड्यात अडते. माती उताराच्या बाजूला टाकावी, चराच्या काठापासून वीतभर सोडून.

शेततळ्याबद्दल एक स्पष्ट बोलायला हवं. वाहून जाणारं पाणी साठवणारं तळं वेगळं आणि बोअरचं पाणी उपसून भरलेलं प्लास्टिक अस्तराचं तळं वेगळं. दुसऱ्यात जमिनीखालचं सावलीतलं पाणी आपण उन्हात आणून ठेवतो. तीस बाय तीस मीटरच्या तळ्यावरून उन्हाळ्यापर्यंत मीटरभर पाणी उडालं तरी नऊ लाख लिटर गेले. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीत पाणलोटाचं काम झाल्यावर द्राक्षं आणि शेततळी बहरली, ते यश मोठंच आहे. पण त्याची नक्कल करताना माथ्यापासूनचं काम गाळून नुसतं तळंच उचललं जातं.

झाडं, आणि जिथं झाडं लावू नयेत ती जागा

मराठवाड्यात जंगल थोडं, लातूरमध्ये तर नगण्य, म्हणून दिसेल त्या मोकळ्या जागी रोप लावायची घाई होते. माळरान म्हणजे पडीक नव्हे. पवन्या, मारवेल, कुसळीचं माळ काळविटाचं, खोकडाचं, लांडग्याचं घर असतं आणि मेंढपाळाचं कुरणही. अशा माळावर खड्डे पाडून गिरिपुष्प, सुबाभूळ लावली तर गवत जातं, चराई जाते, आणि झाडही धड जगत नाही. पर्यावरणाचं काम करणाऱ्याला 'इथं लावू नका' म्हणायचं धैर्य लागतं, तेही मंत्र्यांच्या हस्ते कार्यक्रम ठरलेला असताना.

जिथं लावायचं तिथं आधी पाण्याचा आकडा काढावा. हजार रोपांना आठवड्याला दहा लिटर म्हणजे दहा हजार लिटर, पाच हजारांचे दोन टँकर, फेब्रुवारी ते जून दर आठवड्याला. ही सोय नसेल तर दोनशेच लावावीत. खड्डे ६० सेंटिमीटर घनाचे, एप्रिल-मेमध्ये खणून तापू द्यावेत; मुरमात घमेल्याएवढा खड्डा केला तर मूळ कुंडीतल्यासारखं गोल फिरत राहतं. दोन चांगले पाऊस झाल्यावर लावावं. रोप दीड-दोन वर्षांचं, कमरेएवढं असावं, आणि पिशवी फाडून काढावी. पिशवीसकट पुरलेली रोपं वृक्षारोपणाच्या दुसऱ्या दिवशी उकरली की सापडतात, हे दुःखद आहे पण खरं आहे. कडुनिंब, करंज, चिंच, उंबर, पळस, भोकर, हिवर, बोर ही आपल्या मातीतली झाडं. शेळ्यांपासून राखायला बाभळी-बोरीच्या काट्यांचं कुंपण. आणि मोजणी लावल्याच्या दिवशी नव्हे, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर.

ऊसवाल्याशी बोलताना

हिशेब मांडला की पहिला संघर्ष इथंच होतो. ऊस लावणारा हा गावाचा शत्रू आहे अशा सुरात बोललं की सभा तिथंच फुटते. तो ऊस का लावतो? दर ठरलेला, माल कारखाना उचलतो, अवकाळी आणि गारपीट ऊस तूर-हरभऱ्यापेक्षा जास्त सोसतो, रोज माणूस लागत नाही. सोयाबीनला भाव पडला तर त्याला दुसरं कोण विचारतं? हे आधी मान्य करावं, मगच पुढचं. बंदीऐवजी क्षेत्राची मर्यादा आणि ठिबकची अट यावर तोडगा निघू शकतो, मात्र ठिबकनं वाचलेल्या पाण्यावर उसाचं क्षेत्र वाढवायचं नाही हे त्याच ठरावात लिहावं, नाहीतर बचत उसातच जाते. पर्याय सांगायचा तर बाजारासकट सांगावा. तुती उसापेक्षा बरीच कमी पाण्यात येते आणि रेशीम कोषांना जालन्यात बाजारपेठ आहे. बीडचं सीताफळ आणि मराठवाड्याचा केशर आंबा यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे.

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली ऊस आणि केळी बाहेर ठेवली आणि शेतीला बोअरचं पाणी नाही असा नियम पाळला. त्याआधी, १९७० च्या दशकात, पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीनं जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्ध्या एकराला पाणी हे सूत्र धरलं, भूमिहीनालाही वाटा दिला आणि ऊस घेतला नाही. दोन्हीकडं नियम आधी पुढाऱ्याच्या घरच्या शेतीला लागू झाला तरच गाव ऐकतं. सरपंचाच्या रानात उसाचा फड उभा असेल तर ताळेबंदाचा फळा पुसून टाकलेला बरा.

शहरातही गोष्ट फार वेगळी नाही. २०१८ मध्ये नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि औरंगाबादच्या रस्त्यांवर महिनोन्महिने ढीग साचले. तीसेक वर्षं आपला कचरा दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकत होतो, याचा हिशेब त्या आधी शहरात कोणी मांडला नव्हता.

पैशाचं थोडक्यात: लोकवर्गणी आली की पावती, डिझेलचे लिटर आणि यंत्राचे तास रोज संध्याकाळी चावडीच्या फळ्यावर. मशीनच्या तासांचा हिशेब दोन वेगवेगळ्या गटांच्या माणसांनी सहीनिशी ठेवावा. संशय आला की पुढच्या वर्षी वर्गणी येत नाही, मग तो खोटा का असेना. आणि कामाच्या अंदाजपत्रकातच गाळ काढायला, फुटलेली भर बांधायला दरवर्षीची काही रक्कम धरून ठेवावी; पहिल्या पावसाळ्यानंतर दुरुस्ती लागतेच.

वाळू उपशाविरुद्ध मात्र एकट्यानं नदीत जाऊ नये. तारीख-वेळेसह फोटो, गट नंबर, पाच-दहा जणांच्या सह्यांचा अर्ज, तहसीलची पोच. एवढं झाल्यावरच पुढचं पाऊल.

शेवटी नोंदवही. पावसाची, विहिरींची, पिकांच्या क्षेत्राची आणि ठरावांची, सगळी एकाच जाड वहीत, ग्रामपंचायतीच्या कपाटात आणि तिची एक प्रत शाळेत. वही एकाच कार्यकर्त्याच्या घरी राहिली तर तो निवडणुकीला उभा राहिला, पुण्याला गेला किंवा आजारी पडला की त्या वर्षाचे रकाने कोरे राहतात, आणि मधलं एक वर्ष कोरं गेलं की मागच्या चार वर्षांची तुलनाही अडते. म्हणून मे महिन्याचं माप झालं की त्याच पानाच्या तळाशी पुढच्या ऑक्टोबरात टेप कोण धरणार आणि आकडा कोण लिहिणार, अशी दोन नवी नावं त्यांच्या सह्यांसह लिहून घ्यावीत. त्यातलं एक नाव ऊसतोडीला न जाणाऱ्या घरातलं असावं, म्हणजे जानेवारी आणि मार्चची मापं चुकणार नाहीत.